गृहवसाहतींचे स्थाननियोजन

घरे कुठे बांधायची हे ठरवताना तिथल्या रहिवाशांना रोज किती लांब आणि कशाने जावे लागेल याचा हिशेब आधी मांडायचा, आणि त्यातून इंधनाचा वापर व कार्बन उत्सर्जन आटोक्यात ठेवायचे, अशी नगररचनेची पद्धत. सौरबंब आणि एलईडी दिव्यांनी घरातली वीज वाचते. उंबरठ्याबाहेरचा खर्च मात्र घराची जागा ठरवते. शाळा, बाजार, कामाचे ठिकाण आणि स्थानक यांपासून लांब फेकलेल्या वसाहतीत काटकसरी कुटुंबालाही गाडी घ्यावीच लागते. शिवाय इमारत एकदा उभी राहिली की ही चूक पिढी-दोन पिढ्या निस्तरावी लागते.

या विषयाला आकड्यांचा आधार दिला तो पीटर न्यूमन आणि जेफ्री केनवर्दी या ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी. १९८९ मध्ये त्यांनी जगातील ३२ शहरांची तुलना प्रसिद्ध केली. पसरट अमेरिकन शहरांत माणशी पेट्रोल युरोपीय शहरांच्या सुमारे चौपट आणि आशियाई शहरांच्या सुमारे दसपट जळत होते. हा फरक उत्पन्नाचा आणि पेट्रोलच्या दराचाही आहे, असा आक्षेप लगेच आला आणि तो रास्तच होता. पुढे रीड यूइंग व रॉबर्ट सर्व्हेरो यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. गाडीच्या वापरावर नुसत्या दाटीचा परिणाम त्यांना किरकोळ दिसला. नोकऱ्या आणि सोयी घरापासून किती जवळ आहेत, याचा परिणाम सर्वांत मोठा होता. म्हणजे उंच मनोरे बांधले की काम झाले, असे नाही.

कोपनहेगनसाठी १९४७ मध्येच याच दिशेने ‘बोटांचा आराखडा’ मांडला गेला : शहराच्या तळव्यातून निघालेल्या उपनगरी रेल्वेमार्गांलगत वस्ती, आणि बोटांच्या मधल्या जागेत शेते व राने. मोठी कार्यालये स्थानकापासून ६०० मीटरच्या आत हवीत, हा नियम तिथे नंतर आला.

मुंबईत घर आणि काम आराखड्याविनाच जवळ आले होते. गिरणगावात, म्हणजे कापडगिरण्यांच्या भागात, लालबाग-परळच्या चाळी गिरण्यांना खेटून उभ्या राहिल्या. भोंगा झाला की कामगार पायी निघत. खोल्या कोंदट होत्या, एकेका खोलीत कित्येक माणसे राहत, त्यामुळे त्या दिवसांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण कामावर जायला थेंबभर इंधन लागत नसे. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एकेक तृतीयांश मोकळ्या जागांना, परवडणाऱ्या घरांना आणि मालकांना दिला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. लोअर परळ स्थानकाच्या आसपास आज मनोरे आहेत आणि त्यांच्या पोटात मजल्यामागून मजले वाहनतळ आहेत. गिरणी कामगारांना मात्र नेरळच्या अलीकडच्या शेलू आणि वांगणी इथे घरे देऊ केली गेली. त्याविरुद्ध जुलै २०२५ मध्ये त्यांनी आझाद मैदानात आंदोलन केले. ज्याला लोकलशिवाय पर्याय नाही तो स्थानकालगतच्या जमिनीवरून दूर, आणि मोटारवाला तिच्या शेजारी : ऊर्जेच्या दृष्टीने याहून उलटी मांडणी शोधून सापडणार नाही.

नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली, ती घर आणि काम एकत्र आणण्यासाठीच. १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको स्थापन झाली, पण रेल्वे खाडी ओलांडून वाशीला पोचायला १९९२ उजाडले. मंत्रालय तर नरिमन पॉइंटलाच राहिले. घरे आधी, रेल्वे नंतर आणि नोकऱ्या त्याहून उशिरा, या क्रमाची किंमत तिथल्या पहिल्या रहिवाशांनी प्रवासात मोजली.

पुणे आणि नागपूरमध्ये मेट्रोलगतच्या ५०० मीटर परिसरात आता जादा चटईक्षेत्र मिळते. त्याने जमिनीचे भाव चढतात. म्हणून या जादा क्षेत्रातला ठरावीक वाटा लहान घरांसाठी राखला नाही, तर लोअर परळच पुन्हा घडेल. मूळ रहिवाशांना जागेवर ठेवून दाट बांधकाम करता येते, हे वरळीच्या बीडीडी चाळींनी दाखवले आहे : १९२० च्या दशकातल्या या चाळींच्या पुनर्विकासात ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतच ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या.