करार आणि कायदा : कॅनडातील आदिवासी स्वशासनाचा प्रश्न

एप्रिल १८७६ मध्ये कॅनडाच्या संसदेने ‘इंडियन ॲक्ट’ संमत करून आदिवासींना शासनाचे पाल्य मानले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फोर्ट कार्लटन येथे ब्रिटिश राजसत्तेने क्री प्रमुखांशी सहावा करार केला. पाल्याशी कोणी करार करीत नाही. तो स्वतंत्र समाजाशीच होतो. कराराच्या इंग्रजी संहितेत भूमी सोडल्याचे व कायदा पाळण्याचे शब्द आहेत, परंतु स्वशासन त्यागल्याचे कलम नाही. १९८२ च्या संविधानातील ३५ व्या कलमाने करारजन्य हक्क मान्य केले. १९९५ च्या संघीय धोरणाने स्वशासनाचा अंगभूत हक्कही स्वीकारला. म्हणून आजच्या वाटाघाटींत ओटावाने काय द्यावे, यापेक्षा आदिवासींनी काय कधीच दिले नव्हते, हा प्रश्न मूलभूत ठरतो.