डार्विनची प्रश्नावली आणि नगरचे चेहरे

सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील शाळेत तपासणीसाठी पाहुणे आले, की एरवी चुणचुणीत असणारी मुलेही मान खाली घालून उभी राहतात. घरी गोंडी बोलणारे मूल तर बहुधा गप्पच असते. ‘याच्या चेहऱ्यावर काही उमटतच नाही,’ असा शेरा आपण सहज मारतो. तो कितपत खरा?

नेमकी हीच अडचण दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी महाराष्ट्रातच एका निरीक्षकाला आली होती. सर्व मानवजातीत भावना सारख्याच व्यक्त होतात का, हे चार्ल्स डार्विनला तपासायचे होते. १८६७ साली त्याने १६ प्रश्नांची प्रश्नावली देशोदेशी पाठवली. आश्चर्य वाटले की डोळे व तोंड विस्फारते का? शरमेने चेहरा लाल होतो का? ‘नाही’ म्हणताना मान आडवी हलते का? स्मरणशक्ती फसवते, म्हणून प्रत्यक्ष पाहूनच लिहा, अशी त्याची आग्रहाची विनंती होती. त्याच्याकडे ३६ उत्तरे आली.

त्यांपैकी एक होते मुंबई इलाख्यातील अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातून एच. अर्स्किन यांचे. युरोपियनांसमोर येथील लोक आपल्या भावना सवयीनेच लपवतात, त्यामुळे खात्रीचा निष्कर्ष काढणे फार अवघड जाते, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून काही मुद्द्यांवर त्यांनी जाणकार स्थानिक गृहस्थांचा सल्ला घेतला. डार्विनने १८७२ च्या आपल्या ग्रंथात ही अडचण प्रामाणिकपणे नोंदवली. मुख्य भाव जगभर सारखेच व्यक्त होतात, हा त्याचा निष्कर्ष मात्र कायम राहिला.

बरोबर शंभर वर्षांनी, १९७२ साली, पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांच्या संशोधनात हाच मुद्दा पुन्हा आला. अस्वस्थ करणारी चित्रफीत एकट्याने पाहताना जपानी व अमेरिकन विद्यार्थ्यांचे चेहरे बरेचसे सारखे दिसले. पण संशोधक समोर असताना जपानी विद्यार्थी नापसंती हास्याआड झाकू लागले. कोणासमोर काय दाखवावे, याचे नियम प्रत्येक समाज शिकवतो, असे त्यांनी सुचवले. वाद तिथे मिटला नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नामिबियातील हिंबा लोकांना चेहऱ्यांच्या छायाचित्रांचे मनाप्रमाणे गट करायला सांगितले, तेव्हा ते गट संशोधकांच्या अपेक्षित भावनांशी पुरते जुळले नाहीत. म्हणजे चेहरा वाचण्याची रीतही सर्वत्र एक नाही.

तेव्हा निरीक्षक स्वतःच प्रयोगाचा एक भाग असतो. वर्गात तो निरीक्षक आपण असतो. आपण एक करून पाहू. एकाच मुलाची नोंद आठवडाभर तीन ठिकाणी घ्यावी : फळ्यासमोर, मैदानावर आणि आपल्या भाषेच्या सोबत्यांत. नोंद त्याच वेळी, पाहून लिहावी. आणि अर्थ लावण्यापूर्वी त्याच्या घरच्या माणसांना विचारावे. अर्स्किन यांनी तेवढे केले होते. शेरा त्यानंतर लिहावा.