ठिणगी दिसली, पत्ता कुठे?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार असल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. वेधशाळा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घुमट आणि दुर्बीण येते. येथे तसे काही नसेल. काटकोनात बसवलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांतून ये-जा करणारा लेसर प्रकाश आणि टोकांना आरसे, असा हा पसारा आहे. आकाशातील एकही तारा येथून कोणी पाहणार नाही.

असे असूनही, जगभरच्या दुर्बिणी ज्या शोधात अनेक दशके गुंतल्या आहेत, त्यात हिंगोलीचा वाटा मोठा असणार आहे. हा शोध आहे गॅमा किरणांच्या स्फोटानंतर मागे रेंगाळणाऱ्या उजेडाचा. शास्त्रज्ञ त्याला ‘आफ्टरग्लो’ म्हणतात. आपण ‘उत्तरदीप्ती’ म्हणू. या शोधाचा इतिहास पाहिला तर एकच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. स्फोट केव्हा झाला हे लगेच कळते, पण कोठे झाला हे कळत नाही.

अणुबाँबचे पहारेकरी

१९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी वातावरणात, पाण्याखाली व अंतराळात अणुचाचण्या न करण्याचा करार केला. करार पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘व्हेला’ नावाचे उपग्रह सोडले. अणुस्फोटातून निघणारे गॅमा किरण टिपणे हे त्यांचे काम. २ जुलै १९६७ रोजी त्यांना गॅमा किरणांचा असा एक झोत मिळाला, की जो अणुबाँबसारखा मुळीच नव्हता. पुढेही असे झोत येत राहिले. १९७३ मध्ये रे क्लेबेसाडेल, इयान स्ट्राँग आणि रॉय ओल्सन यांनी अशा १६ स्फोटांची माहिती प्रसिद्ध केली.

हे झोत पृथ्वीवरून किंवा सूर्याकडून आलेले नाहीत हे त्यांना कसे कळले? शाळेच्या मैदानात काही मुले दूर दूर उभी आहेत आणि कोठेतरी फटाका वाजला असे समजा. आवाज कोणाला आधी आणि कोणाला नंतर ऐकू आला, यावरून फटाक्याची दिशा काढता येते. व्हेला उपग्रह एकमेकांपासून लाखो किलोमीटर दूर होते, त्यामुळे एकच झोत त्यांच्यापर्यंत सेकंदाच्या काही भागाच्या फरकाने पोचत असे. त्या फरकावरून स्थूल दिशा मिळाली. ही युक्ती लक्षात ठेवावी, कारण पन्नास वर्षांनंतर तीच आपल्याला हिंगोलीपर्यंत आणणार आहे.

दूर की जवळ?

स्थूल दिशा मिळाली, तरी दुर्बीण नेमकी कोठे रोखायची हे कळत नव्हते. त्यामुळे अंतरही कळेना. १९९१ मध्ये अमेरिकेने कॉम्प्टन ही गॅमा किरण वेधशाळा अंतराळात सोडली. तिच्यावरील ‘बॅट्सी’ या उपकरणाने नऊ वर्षांत २७०० हून अधिक स्फोट नोंदवले. ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले होते. स्फोट आपल्या आकाशगंगेच्या चकतीत होत असते, तर ते आकाशगंगेच्या पट्ट्यात दाटलेले दिसले असते. बॅट्सीच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. स्फोटांचे दोन प्रकार आहेत, दोन सेकंदांहून कमी टिकणारे आणि त्याहून अधिक टिकणारे.

एवढी माहिती हाती असूनही वाद मिटला नाही. एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टन येथे बोहदान पाचिन्स्की आणि डोनाल्ड लॅम्ब यांच्यात जाहीर वादविवाद झाला. पाचिन्स्की यांच्या मते स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूर होते, तर लॅम्ब यांच्या मते आपल्या आकाशगंगेभोवतालच्या प्रभामंडळात. दोन मतांतील अंतरांत हजारो पटींचा फरक! बॅट्सीने सांगितलेल्या जागेत काही अंशांची चूक असे आणि तेवढ्या आकाशात तारे व दीर्घिका असंख्य असतात. त्यांतला ‘आरोपी’ कोण, हे कसे ठरवायचे?

पहिली उत्तरदीप्ती

ही कोंडी इटली आणि नेदरलँड्स यांच्या ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने फोडली. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी त्याने एक स्फोट टिपला आणि काही तासांतच क्षकिरणांच्या साह्याने त्याची जागा अंशाच्या लहानशा भागाइतक्या अचूकतेने सांगितली. नेदरलँड्सचे यान व्हान पाराडाइस आणि त्यांचे विद्यार्थी टिटस गालामा व पॉल ग्रूट यांच्यासाठी ला पाल्मा बेटावरील विल्यम हर्शेल दुर्बिणीतून त्याच रात्री त्या भागाचे छायाचित्र घेतले गेले. ८ मार्चला पुन्हा एक घेतले. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा पहिल्यात असलेला एक प्रकाशबिंदू दुसऱ्यात नाहीसा झाला होता. स्फोटाच्या तारखेवरून त्याचे नाव पडले जीआरबी ९७०२२८. त्याच वर्षी ८ मे रोजीच्या स्फोटाच्या उत्तरदीप्तीचा वर्णपट केक दुर्बिणीने मिळवला. त्याची ताम्रसृती निदान ०.८३५ होती, म्हणजे स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूर. पाचिन्स्की यांचे म्हणणे खरे ठरले.

उत्तरदीप्ती निर्माण कशी होते? स्फोटात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने द्रव्याचा एक अरुंद झोत बाहेर पडतो. हा झोत भोवतालच्या विरळ वायूवर आदळतो. तेथील इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वेगाने फिरू लागतात आणि प्रारणे देतात. झोत मंदावत जातो तशी ही प्रारणे क्षकिरणांकडून दृश्य प्रकाशाकडे आणि शेवटी रेडिओ लहरींकडे सरकतात.

घाई कशासाठी?

पुष्कळ उत्तरदीप्तींची तेजस्विता साधारणपणे काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. वर्गात हे गणित करून पाहावे. स्फोटानंतर एका मिनिटाने असलेले तेज १ मानले, तर तासाभराने ते साठावा भाग उरते आणि एका दिवसाने चौदाशे चाळिसावा. म्हणून पत्ता अचूक हवा तसा तो लवकरही हवा.

२३ जानेवारी १९९९ च्या स्फोटाने याचा प्रत्यय आणून दिला. उपग्रहाचा संदेश मिळताच न्यू मेक्सिकोतील ‘रॉटसी’ या छोट्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी २२ सेकंदांत छायाचित्रण सुरू केले. प्रकाश नवव्या प्रतीपर्यंत चढला, म्हणजे साध्या द्विनेत्रीतूनही तो दिसला असता. तो प्रकाश नऊ अब्जांहून अधिक वर्षे प्रवास करून आला होता. याच उत्तरदीप्तीचा पाठपुरावा नैनितालच्या १०४ सेंटिमीटर दुर्बिणीतूनही झाला आणि भारतीय दुर्बिणी या शोधात उतरल्या. २००४ च्या नोव्हेंबरात सुटलेला ‘स्विफ्ट’ उपग्रह तर स्फोट दिसताच एक-दोन मिनिटांत स्वतःच त्या दिशेकडे वळून जगभर पत्ता कळवू लागला. १९ मार्च २००८ चा स्फोट काही क्षण नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका तेजस्वी होता.

या काळात कारणेही उलगडली. दीर्घ स्फोट बहुधा प्रचंड वस्तुमानाचा तारा कोसळताना होतात. अल्पकालीन स्फोट दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होताना होत असावेत असा तर्क होता, पण पुरावा हवा होता. तो गुरुत्वीय लहरींतून मिळणार होता.

जागा एक, घटना दोन

अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगोच्या दोन वेधशाळांनी सप्टेंबर २०१५ मध्ये गुरुत्वीय लहरी प्रथमच टिपल्या. पण पत्त्याचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्या पहिल्या घटनेची जागा सुमारे ६०० चौरस अंशांच्या पट्ट्यात कोठेतरी होती. पौर्णिमेचा चंद्र सुमारे ०.२ चौरस अंश जागा व्यापतो. म्हणजे तो पट्टा ३००० चंद्रांएवढा झाला. एवढ्या जागेत शोधायला गेले तर भलतेच काही सापडण्याचा धोका असतो.

तसे घडलेही. ४ जानेवारी २०१७ रोजी लायगोने दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाची नोंद केली. त्या पट्ट्यातच हवाई बेटांवरील ‘ॲटलास’ दुर्बिणीला झपाट्याने मावळणारा एक प्रकाशबिंदू दिसला. कृष्णविवरे विलीन होताना प्रकाश बाहेर पडला असेल, तर तो फार मोठा शोध ठरणार होता. याचा निवाडा करण्यात भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहाचा मोठा हातभार लागला. त्यावरील सीझेडटीआय हे उपकरण मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याचे आयुका आणि इतर संस्थांनी मिळून घडवले. पुरेशा उच्च ऊर्जेच्या किरणांना त्याच्या भिंती जवळजवळ पारदर्शक असल्याने ते बाजूने येणारे झोतही टिपते. ४ तारखेच्या त्या क्षणी त्याला काहीच दिसले नव्हते, पण ५ जानेवारीला एका दीर्घ स्फोटाची नोंद त्यात होती. मुंबईच्या आयआयटीतील वरुण भालेराव आणि त्यांच्या देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या तरंगलांबींवरील निरीक्षणे जुळवून दाखवले, की तो प्रकाशबिंदू या दुसऱ्या स्फोटाची उत्तरदीप्ती होता. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. त्या आकाशात एका बाजूला दिसल्या, एवढाच योगायोग.

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

एकदा सापडले, एकदा हुकले

१७ ऑगस्ट २०१७ रोजी मात्र सर्व धागे जुळले. लायगोने दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाच्या लहरी टिपल्या आणि अवघ्या १.७ सेकंदांनी ‘फर्मी’ उपग्रहाने गॅमा किरणांचा अल्पकालीन स्फोट नोंदवला. इटलीतील ‘व्हर्गो’ ही तिसरी वेधशाळा नुकतीच कामाला लागली होती. तिघींच्या नोंदी जुळवल्यावर जागा सुमारे ३० चौरस अंशांवर आली. खगोलशास्त्रज्ञांनी त्या भागातील योग्य अंतरावरच्या दीर्घिकांची यादी केली आणि एकेक तपासत गेले. सुमारे अकरा तासांनी चिलीतील एक मीटरच्या स्वोप दुर्बिणीला एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू सापडला. अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे.

हा पहिला उजेड उत्तरदीप्तीचा नव्हता. विलीनीकरणात बाहेर फेकल्या गेलेल्या द्रव्यात सोने, प्लॅटिनम यांसारखी जड मूलद्रव्ये तयार होतात आणि तेथील किरणोत्सर्गामुळे ते द्रव्य तापून उजळते. स्फोटाचा झोत नेमका आपल्या दिशेने नसल्याने खरी उत्तरदीप्ती उशिरा उमटली. क्षकिरणांत ती नऊ दिवसांनी दिसली आणि रेडिओ लहरींत सोळा दिवसांनी. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही तिचा मागोवा घेतला.

२५ एप्रिल २०१९ रोजी पुन्हा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणासारखी घटना नोंदली गेली. या वेळी हॅनफर्डची वेधशाळा बंद होती आणि व्हर्गोपर्यंत पोचलेला संकेत अतिशय क्षीण होता. जागा उरली ८००० चौरस अंशांहून मोठी, म्हणजे सबंध आकाशाचा जवळजवळ पाचवा भाग. दुर्बिणींनी खूप शोधले, पण प्रकाश सापडला नाही.

लडाखमधील हानले येथे २०१८ पासून ७० सेंटिमीटर व्यासाची ‘ग्रोथ-इंडिया’ ही स्वयंचलित दुर्बीण हाच शोध घेत आली आहे. भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि मुंबईची आयआयटी यांनी ती उभारली. ती एका वेळी सुमारे अर्धा चौरस अंश आकाश टिपते. एका छायाचित्राला पाच मिनिटे लागतात असे धरू. ३० चौरस अंशांसाठी ६० छायाचित्रे, म्हणजे पाच तास. काम एका रात्रीत होईल. ८००० चौरस अंशांसाठी १६,००० छायाचित्रे, म्हणजे तेराशेहून अधिक तास. तोवर उजेड केव्हाच मावळलेला असेल.

हिंगोलीचे काम

आता व्हेलाची युक्ती आठवू. गुरुत्वीय लहरी प्रकाशाच्या वेगाने धावतात. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन यांच्यात ३००० किलोमीटर अंतर आहे, म्हणून दोन्ही ठिकाणच्या नोंदींत जास्तीत जास्त एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचा फरक पडतो. औंढा नागनाथपासून या दोन्ही जागा, पृथ्वीच्या पोटातून सरळ रेषेत मोजल्यास, साडेदहा ते साडेअकरा हजार किलोमीटर दूर आहेत. फरक जवळजवळ चौपट होऊ शकेल. मैदानातील मुले जितकी दूर उभी, तितकी फटाक्याची दिशा अधिक नेमकी. शिवाय एखादी वेधशाळा बंद असली, तरी उरलेल्यांना आणखी एक सोबतीण मिळेल आणि २०१९ सारखी संधी हुकण्याची शक्यता कमी होईल.

मंजुरीच्या वेळी हे काम २०३० पर्यंत पुरे करण्याचे उद्दिष्ट सांगितले गेले. तोवर जिल्ह्यातील शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न नक्की ऐकावा लागेल: ‘गुरुजी, त्या दुर्बिणीतून काय दिसतं?’ काहीच दिसत नाही, हे त्याचे खरे उत्तर आहे; पण बघायचे कुठे, हे जगातल्या दुर्बिणींना सांगण्याचे काम तेथून होईल. हे उत्तर पुरते समजावे यासाठी मैदानात चार मुलांना चार कोपऱ्यांत उभे करून, डोळे मिटायला लावून, एक टाळी वाजवून पाहावी. टाळी प्रथम कोणाला ऐकू आली हे कानांना ठरवता येणार नाही, कारण शंभर मीटर अंतर तोडायला आवाजाला जेमतेम ०.३ सेकंद लागतात. एवढ्याशा फरकासाठीही घड्याळ लागते, हे मुलांच्या लक्षात आले की सेकंदाचा शंभरावा भाग मोजणाऱ्या यंत्राचे मोल त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.