एका बारीक भोकाने सगळं बिघडतं: पाणी शुद्ध करणारं ‘मेम्ब्रेन’ कसं बनलं आणि नवं बनवायला एवढी वर्षं का लागतात?

घरचा आरओ दुरुस्त करायला आलेला माणूस ‘मेम्ब्रेन गेलंय’ म्हणाला की पहिला प्रश्न असतो, खर्च किती? यंत्रातून बाहेर निघते ती एक पांढरट गुंडाळी. दिसायला अगदी साधी. पण याच गुंडाळीची मोठी भावंडं चेन्नईजवळच्या मिंजूरला २०१० पासून समुद्राचं पाणी गोडं करतायत, तेही दिवसाला १० कोटी लिटर क्षमतेच्या प्रकल्पात. कापड कारखान्यांचं सांडपाणी, डेअरीतलं पनीरचं पाणी, खत कारखान्यातले वायू, सगळीकडे मेम्ब्रेन वापरलं जातं.

हे सगळं पॉलिमरचं, म्हणजे सोप्या भाषेत प्लास्टिकच्या जातीचं. मग रोज नवनवी प्लास्टिकं तयार होत असताना नवं मेम्ब्रेन बाजारात यायला दशकं का लागतात? त्यासाठी हा पापुद्रा काम कसं करतो ते आधी बघू.

मनुका फुगते, त्याच्या उलट

मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. सालीतून पाणी आत जातं, साखर मात्र सहजासहजी बाहेर येत नाही. पातळ द्रावणाकडून घट्ट द्रावणाकडे पाणी आपोआप सरकतं. यालाच ऑस्मॉसिस म्हणतात. फ्रान्सच्या झाँ-अँतोआन नोले यांनी १७४८ साली डुकराच्या मूत्राशयाचा पडदा वापरून ही गोष्ट दाखवली होती.

आरओ म्हणजे रिव्हर्स ऑस्मॉसिस, याच्या उलट. खाऱ्या बाजूला जोर लावायचा आणि पाणी गोड्या बाजूला ढकलायचं. समुद्राच्या पाण्यासाठी निसर्गाचा ओढा मोडायलाच साधारण २७ बार दाब लागतो. प्रत्यक्षात प्रकल्प ५५ ते ७० बारवर चालतात. कारच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज घ्या.

आरओचं मेम्ब्रेन चहाच्या गाळणीसारखं नसतं. त्यात पाडलेली भोकं नसतात. पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या अतिसूक्ष्म फटींतून पाणी सरकतं. मिठाचे कण भोवती पाण्याचे रेणू घेऊन फिरतात, त्यामुळे ते अंगाने मोठे होतात आणि बहुतेक मागेच राहतात.

मीठ अडलं, पण पाणीही अडलं

१९५०च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात चार्ल्स रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सेल्युलोज ॲसिटेट हे पॉलिमर मीठ चांगलं अडवतं असं दिसलं. पदार्थ सापडला होता. अडचण वेगळीच होती. त्यातून पाणी इतकं कमी यायचं की धंद्याच्या दृष्टीने उपयोग शून्य.

पडदा जेवढा जाड, तेवढं पाणी कमी. पातळ केला तर दाबाने फाटतो. हा पेच सुटला लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, १९५९-६० च्या सुमारास. सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांच्या लक्षात आलं की त्यांच्या पडद्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत. एक बाजू खाऱ्या पाण्याकडे ठेवली तर मीठ अडायचं, पडदा उलटा ठेवला तर नाही.

मग त्यांनी मुद्दाम तसा पडदा बनवला. पॉलिमरचं द्रावण काचेवर पसरायचं, वरचा द्रावक थोडा उडू द्यायचा आणि काच थंडगार पाण्यात बुडवायची. दुधावर साय धरते तसा वर अगदी पातळ, घट्ट थर तयार होतो. खालचा भाग स्पंजसारखा सच्छिद्र राहतो. मीठ अडवायचं काम सायीचं, दाब सोसायचं काम स्पंजचं. पाण्याचा प्रवाह एकदम सुमारे दहापट वाढला. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावात या पद्धतीने पिण्याचं पाणी देणारा पहिला छोटा प्रकल्प सुरू झाला.

पॉलिमर तेच होतं. बदलली होती ती घडण.

तेल आणि पाणी भेटतात तिथे

सेल्युलोज ॲसिटेट नाजूक होतं. जीवाणू ते खायचे, आम्लता किंवा क्षार वाढले की ते विरघटायचं. पुढची उडी मारली अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या जॉन कॅडॉट यांनी, १९७०च्या दशकात.

त्यांची युक्ती अशी: पॉलिसल्फोनचा सच्छिद्र थर एका रसायनाच्या पाण्यातल्या द्रावणात भिजवायचा. मग त्यावर दुसऱ्या रसायनाचं तेलासारख्या द्रवातलं द्रावण ओतायचं. तेल आणि पाणी मिसळत नाहीत. दोन्ही रसायनं फक्त त्यांच्या सीमारेषेवर भेटतात आणि तिथेच काही सेकंदांत पॉलिअमाइडचा पापुद्रा धरतो. पापुद्रा धरला की तोच दोघांच्या मध्ये भिंत होतो आणि अभिक्रिया मंदावते. म्हणजे थर स्वतःच स्वतःला जाड होऊ देत नाही. जाडी किती? एका केसाच्या जाडीचे चारशे भाग केले तर त्यातला साधारण एक.

कॅडॉट यांना १९८१ साली अमेरिकन पेटंट मिळालं. पण हा शोध सरकारी पैशातून चाललेल्या कामात लागला होता, त्यामुळे पेटंटवर अमेरिकी सरकारचा हक्क आहे, असा निकाल तिथल्या न्यायालयाने १९९२ साली दिला. आज घरातल्या आणि प्रकल्पातल्या बहुतेक आरओंमध्ये हीच जात असते.

हातरुमालाएवढं सोपं, मैदानाएवढं कठीण

आता मुख्य अडचण. प्रयोगशाळेत हातरुमालाएवढा तुकडा बनवून ९९ टक्के मीठ अडवणं जमतं. उद्योगाला लागणारी एक मोठी गुंडाळी उलगडली तर साधारण ३७ चौरस मीटर भरते, म्हणजे एका छोट्या फ्लॅटएवढी. मोठ्या प्रकल्पात अशा हजारो गुंडाळ्या बसतात.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला एक टक्का जरी पलीकडे गेला तरी लिटरमागे ३५० मिलिग्रॅम होतात. दोन टक्के गेला तर ७००, आणि भारतीय मानकातली पिण्याच्या पाण्याची मर्यादा ५०० आहे. म्हणजे चूक करायला जागाच नाही. एखादं बारीक भोक पडलं की त्यातून खारं पाणी सरळ घुसतं.

वायू वेगळे करताना तर हे आणखी जाचक. मोन्सँटो कंपनीतल्या जे हेनिस आणि मेरी ट्रिपोडी यांनी त्यावर काढलेला मार्ग मजेशीर होता. भोकं टाळण्याच्या मागे न लागता त्यांनी पॉलिसल्फोनच्या पोकळ तंतूंवर सिलिकॉन रबराचा हलका लेप दिला. लेपाने भोकं बुजली, काम मात्र खालच्या थराने केलं. १९८० साली बाजारात आलेली ही मेम्ब्रेन अमोनिया कारखान्यांत वाया जाणारा हायड्रोजन परत मिळवायला वापरली गेली.

भारतात काय झालं?

भावनगरच्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेने देशी आरओ मेम्ब्रेनवर काम केलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, पॉलिॲक्रिलोनायट्राइलपासून पाणी गाळणारी मेम्ब्रेन तयार झाली. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिसल्फोनचा लेप दिलेली फिल्टर कॅंडल बनवली आणि ते तंत्र अनेक उत्पादकांना दिलं. ही कॅंडल जीवाणू आणि गाळ अडवते, क्षार अडवत नाही. जिथे पाणी खारं नाही, तिथे तेवढं पुरतं. वीजही लागत नाही.

मग नवं काय हवंय?

जास्त वेगाने पाणी सोडणारं मेम्ब्रेन, असं वाटेल. पण समुद्राचं पाणी अर्ध्यापर्यंत गोडं करायला निसर्गनियमानुसार घनमीटरमागे किमान सुमारे एक युनिट वीज लागतेच. आजचे चांगले प्रकल्प एकूण तीन-चार युनिटांत काम करतात. इथे फार मोठी बचत उरलेली नाही. खरी दुखणी दुसरी आहेत.

पहिलं, क्लोरीन. पॉलिअमाइडला तो सोसत नाही. म्हणून पाणी मेम्ब्रेनवर जाण्याआधी क्लोरीन काढावा लागतो. घरच्या आरओत ते काम कार्बन फिल्टर करतो आणि तो वेळेवर बदलला नाही तर मेम्ब्रेन लवकर जातं. मोठ्या प्रकल्पात क्लोरीन काढला की जीवाणूंना मोकळं रान मिळतं आणि पडद्यावर बुळबुळीत थर साचतो. क्लोरीन सोसणारं आणि तेवढंच मीठ अडवणारं पॉलिमर अनेक वर्षं शोधलं जातंय.

दुसरं, मेम्ब्रेन बनवतानाचे द्रावक. डीएमएफ आणि एनएमपी हे नेहमीचे द्रावक आरोग्याला घातक आहेत आणि युरोपात त्यांच्या वापरावर कडक बंधनं आली आहेत. द्रावक बदलला की सायीची घडणच बदलते, त्यामुळे सगळे प्रयोग पुन्हा.

अडवलेलं मीठ जातं कुठे?

मेम्ब्रेन घाण नष्ट करत नाही, फक्त एका बाजूला गोळा करते. तमिळनाडूतल्या तिरुपूरमध्ये याची किंमत दिसली. तिथल्या रंगणी कारखान्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी खारी झाली. सांडपाणी बाहेर न सोडण्याचा आदेश पाळला नाही म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये शेकडो कारखाने बंद करायला लावले. नंतर कारखाने सुरू झाले ते आरओच्या जोडीने उरलेलं घट्ट पाणी आटवणारी यंत्रणा लावून. या आटवण्यालाच इंधनाचा मोठा खर्च येतो. म्हणून जास्त घट्ट पाणी झेपणारं मेम्ब्रेन मिळालं तर आटवायचं पाणी कमी होईल, नदीही वाचेल आणि गावाचा रोजगारही.

घरातही तेच. अनेक यंत्रांत एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं. म्हणूनच पाण्यातले क्षार ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओ वापरू देऊ नये, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली पर्यावरण मंत्रालयाला दिले होते. नवं यंत्र घ्यायच्या आधी नळाच्या पाण्याचा टीडीएस मोजून घ्या. आकडा कमी असेल तर साधं गाळणारं मेम्ब्रेन आणि जंतू मारणारा यूव्ही दिवा एवढ्यावर भागू शकतं.