घोड्याच्या पायाला पट्टी बांधताना काय काळजी घ्यावी?

दिवाळी झाली की माणदेशातले मेंढपाळ कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. पावसाळ्याच्या तोंडावर ते परत येतात. या वाटचालीत तंबू, भांडीकुंडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं असं सगळं बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असतं. ही घोडी बहुतेक भीमथडी जातीची. दख्खनच्या या काटक घोड्याला देशी जनावरांच्या अधिकृत यादीत स्वतंत्र जात म्हणून स्थान मिळालं आहे.

असं घोडं लंगडलं की बिऱ्हाडच थांबतं. मग घाईघाईने पायाला फडकं आवळलं जातं. पण चुकीची पट्टी मूळ दुखण्यापेक्षा जास्त नुकसान करू शकते.

घोड्याचा पाय वेगळा का?

घोड्याच्या पुढच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. तिथे हाड, कंडरा आणि कातडी एवढंच असतं. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग. पळताना घोड्याचा भार या कंडरांवर येतो. त्यांच्यावर मांसाची गादी नसल्यामुळे पट्टीचा ताण एका जागी जास्त पडला तर तो थेट कंडरेला बसतो. कंडरा सुजते आणि रक्तपुरवठा कमी होतो. कंडरेची इजा भरायला कित्येक महिने लागतात.

पट्टी कधी बांधावी?

जखम झाकायला, रक्तस्राव थांबवायला, सूज आटोक्यात ठेवायला किंवा टेम्पो-ट्रकमधून नेताना पायाला मार लागू नये म्हणून. पट्टीने पाय 'मजबूत' होतो, हा गैरसमज आहे. कारण नसताना दिवसभर पट्टी ठेवली तर उन्हाळ्यात आत उष्णता आणि घाम साठतो.

कशी बांधावी?

१. पाय स्वच्छ आणि कोरडा करा. पट्टीखाली राहिलेला कुसळ किंवा खडा कातडी सोलतो.

२. जखम असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात थोडं मीठ घालून धुवा. त्यावर न चिकटणारी स्वच्छ घडी ठेवा. हळद, चुना, डिझेल, राख लावू नका.

३. आधी कापसाचा जाड थर गुंडाळा. तो साधारण इंचभर जाड आणि कुठेही सुरकुती नसलेला हवा. कापूस न घालता ताणणारी पट्टी थेट कातडीवर बांधणं, ही सगळ्यात धोक्याची चूक.

४. वर १० ते १५ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. अरुंद चिंधी किंवा सुतळी दोरीसारखी रुतते. पट्टी पायाच्या समोरून बाहेरच्या बाजूने मागे न्या आणि आतून परत पुढे आणा. वरून पाहिल्यास डाव्या पायाला घड्याळाच्या काट्यांच्या उलट, उजव्या पायाला काट्यांप्रमाणे. प्रत्येक वेढ्याने आधीचा अर्धा वेढा झाकावा.

५. ताण सगळीकडे सारखा ठेवा. दिशेपेक्षा हे जास्त महत्त्वाचं. वर आणि खाली कापसाची थोडी कड पट्टीबाहेर दिसू द्या. शेवटचं टोक किंवा गाठ पायाच्या बाहेरच्या बाजूला यावी, मागे कंडरेवर नको.

६. पट्टीच्या वरच्या कडेतून एक बोट जेमतेम आत जायला हवं. बोट जात नसेल तर पट्टी घट्ट आहे, सहज फिरत असेल तर ती घसरेल.

एक पाय दुखत असेल तर घोडा सगळा भार जोडीच्या पायावर टाकतो. म्हणून त्या पायालाही आधाराची पट्टी बांधतात.

बांधणाऱ्याची काळजी

साहेबाच्या पुढे आणि घोड्याच्या मागे उभं राहू नये, असं म्हणतात ते उगीच नाही. घोड्याच्या बाजूला, खांद्याजवळ उभे राहून कामाला लागा. खाली वाका, पण गुडघे टेकू नका किंवा मांडी घालून बसू नका. घोडं उसळलं तर पटकन बाजूला होता आलं पाहिजे. ओळखीच्या माणसाला तोंडाशी धरून उभं करा.

पट्टी कधी सोडावी?

दिवसातून निदान दोनदा पाहा आणि रोज बदला. ओली किंवा घसरलेली पट्टी लगेच सोडा. पट्टीच्या वर-खाली सूज, घोड्याचं पट्टी चावणं, पाय आपटणं, वास येणं किंवा लंगडणं वाढणं, यातलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका. रक्त थांबवायला बांधलेली दाबाची पट्टी मात्र डॉक्टर येईपर्यंत सोडू नका. रक्त त्यातून झिरपलं तर तिच्यावरच आणखी एक बांधा.

डॉक्टरांना कधी बोलवावं?

जखम सांध्याजवळ असेल, खोल असेल, हाड किंवा कंडरा दिसत असेल, रक्त थांबत नसेल किंवा घोडं पाय टेकतच नसेल, तर पट्टी हा फक्त तात्पुरता उपाय आहे. सांध्याजवळचं छोटं छिद्रही जीवघेणं ठरू शकतं. घोड्याला धनुर्वाताचा धोका खूप असतो, त्यामुळे खिळा किंवा काटा रुतला तरी इंजेक्शनबद्दल विचारा. पायबंदाच्या दोरीने खुराच्या वर झालेली जखम किरकोळ समजू नका. तिथे जास्तीचं मांस वाढून जखम महिनोन्‌महिने उघडी राहते.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाणं शक्य नसेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची मदत मागता येते. रानात मुक्काम असेल तर जवळचं गाव आणि ओळखीची खूण सांगा. कापसाचा गुंडाळा, दोन रुंद पट्ट्या आणि मिठाची पुडी बिऱ्हाडात कायम ठेवा. वेळेवर चिंध्या शोधाव्या लागणार नाहीत.