सुळका (प्रस्तरारोहण)

सुळका : डोंगराच्या मुख्य धारेपासून सुटून एकटा उभा राहिलेला, चहूबाजूंनी ताशीव कडे असलेला उंच खडक. माथ्यावर पायवाट जात नाही; दोर लावूनच चढावे लागते. महाराष्ट्रातील बहुतेक नामांकित सुळके सह्याद्रीत व त्याच्या फाट्यांवर आहेत. जीवधन किल्ल्यालगतचा वानरलिंगी (खडा पारशी), रायगड व तोरणा यांच्या दरम्यानचा लिंगाणा, माहुलीजवळचा वजीर आणि मनमाड परिसरातील हडबीची शेंडी (थम्सअप) हे त्यांतील विशेष परिचित होत.

निर्मिती : सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांत लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. लाव्हा थंड होताना त्यात उभ्या भेगा पडल्या. या भेगांत पाणी शिरून खडकाचे चिरे निखळत गेले आणि मधला टणक भाग शिल्लक राहिला, तोच सुळका. दोन टणक थरांच्या मध्ये सच्छिद्र बेसाल्टचा किंवा लाल मातकट खडकाचा मऊ पट्टा असतो. तो लवकर झिजल्याने तेथे गवताळ टप्पे व घसारा तयार होतो.

विदर्भातील स्थिती : हा बेसाल्ट पूर्वेकडे पातळ होत जातो आणि त्याची पूर्व कड नागपूर परिसरात येते. शहरातील सीताबर्डीची टेकडी याच खडकाची आहे. तरीही तेथे सुळके घडले नाहीत. थर पातळ आणि उतार मंद असल्याने पाण्याला खोल कापणी करता आली नाही. पश्चिमेस सह्याद्री कोकणात एकदम तुटतो आणि तेथे मुसळधार पाऊस पडतो, म्हणून सुळक्यांची दाटी त्या बाजूला आहे. विदर्भात गाविलगडच्या डोंगरांत, चिखलदऱ्याच्या बाजूला, बेसाल्टचे उभे कडे आढळतात.

चढाई : आघाडीचा गिर्यारोहक (लीड) दोर कमरेच्या हार्नेसला बांधून चढतो आणि खालचा साथीदार तो दोर हळूहळू सोडत त्याला बिले देतो. भेग मिळाली तर तिच्यात मेख किंवा चोक बसवतात. सलग खडकात भोक पाडून बोल्ट ठोकतात. त्यात कॅरॅबिनर अडकवून दोर ओवला की पडण्याचे अंतर मर्यादित राहते. मेख ठोकण्याआधी खडकावर हातोडी मारून पाहण्याची रीत आहे : खणखणीत नाद आला तर खडक सलग, भद्द आवाज आला तर चिरा आतून सुटलेला. उभ्या टणक पट्ट्यापेक्षा त्यावरचा घसाऱ्याचा टप्पा पुष्कळदा अधिक धोक्याचा ठरतो, कारण तेथे मेख धरत नाही आणि सुटलेला दगड खालच्या माणसावर जातो. उतरताना माथ्यावरील पक्क्या आधारातून दोर ओवून रॅपलिंग करतात. वानरलिंगीची उंची साडेतीनशे फुटांच्या आसपास असल्याने चढाई अनेक टप्प्यांत करावी लागते.

हंगाम : पावसाळ्यात खडक शेवाळतो, त्यामुळे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सोयीचा मानतात. फाल्गुन-चैत्रात दुपारी काळा खडक इतका तापतो की पकडीवर हात ठरत नाही. म्हणून वसंतातील चढाई पहाटे सुरू करतात आणि सकाळी सावलीत राहणारी पश्चिमेची भिंत शक्य तेथे निवडतात. युरोपातील आल्प्समध्ये हिशेब उलटा असतो. तेथील डोलोमाइट खडकाचे मनोरे वसंतात अजून बर्फ धरून असतात, म्हणून आधी कोरडी होणारी दक्षिणेची उन्हाची भिंत पाहिली जाते. बर्फ वितळू लागला की दगड सुटण्याचा धोका वाढतो. सह्याद्रीत त्या जागी भीती असते ती आग्यामोहळाची. पुढे झुकलेल्या कड्यांखाली ही पोळी लटकतात. धूर, उग्र अत्तर किंवा हातोडीचे ठोके यांनी माश्या उठल्या तर दोरावरच्या माणसाला पळायला जागा नसते. त्यामुळे चढाईचा मार्ग ठरवण्यापूर्वी पायथ्यापासून दुर्बिणीने पोळी हेरणे आणि पायथ्याच्या गावात चौकशी करणे आवश्यक असते. मार्गावर पोळे असल्यास चढाई पुढे ढकलणे श्रेयस्कर.