तीन डबे हापूस आणि एक बूच

स्थळ: न्यू जर्सीतलं भाड्याचं घर. महिना जुलै. माझा मावसभाऊ तिथे स्वयंपाकघरात बिअर करतो. तिथे ते चालतं. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्यानं एकच प्रौढ असलेल्या घराला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे ३७९ लिटर, आणि दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर त्याच्या दुप्पट बिअर घरापुरती करायची मुभा दिली. (महाराष्ट्रात विनापरवाना हे केलंत तर १९४९चा दारूबंदी कायदा आहेच, तेव्हा उगाच उत्साह नको.)

शनिवार, दुपारी ४. आठवडाभर आंबलेली गव्हाची बिअर पाच गॅलनच्या काचेच्या बुधल्यात ओतली. वर ८५० ग्रॅमचे तीन डबे हापूसचा गोड रस. बुधला गळ्यापर्यंत भरला. त्यावर रबरी बूच आणि बुचात एअरलॉक. आतला वायू त्यातल्या पाण्यातून बाहेर पडतो, बाहेरची हवा आत जात नाही.

संध्याकाळी ७. साखर संपल्यावर सुस्तावलेलं यीस्ट रसाच्या वासानं उठलं. बुडबुड सुरू. भाऊ खूश.

रात्री १०. पुण्यात रविवारची सकाळ. मावशीला व्हिडिओ कॉलवर बुधला दाखवून झाला. ती म्हणाली, "एवढा रस होता, तर पुऱ्या तरी तळायच्यास!"

रात्री १२. एअरलॉकमधलं पाणी पिवळं झालं. खरं तर इशारा इथेच मिळाला होता. फळाचा गर तळाशी बसत नाही. वायू त्याला उचलून वर आणतो आणि गळ्यापाशी फेसाचा जाड थर जमतो. अशा वेळी एअरलॉक काढून बोटभर जाडीची नळी लावायची आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बादलीत सोडायचं. भाऊ मात्र झोपायला गेला.

पहाटे ३. बुडबुड थांबली. जागा असता तर काम संपलं म्हणून त्याला बरंच वाटलं असतं. प्रत्यक्षात गरानं एअरलॉकचं भोक बुजलं होतं; यीस्टचं काम चालूच होतं. एक किलो साखरेतून जवळपास अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे अडीचशे लिटरहून जास्त वायू. त्या तीन डब्यांत अर्धा किलोच्या आसपास साखर होती. हिशेब तुम्हीच करा.

पहाटे ५:१०. बूच छताला. मागोमाग आमरसाचं कारंजं. उकाड्यामुळे वरचा पंखा रात्रभर चालू ठेवलेला, त्यामुळे चारही भिंतींना समान वाटा मिळाला.

सकाळी ६. बुधला शाबूत होता. हे निव्वळ नशीब. बूच घट्ट बसलं असतं तर काच फुटली असती, आणि मग हा मजकूर विनोदी राहिला नसता.

फळ घालणार असाल तर भांडं पाव भाग रिकामं ठेवा आणि पहिले तीन-चार दिवस जाड नळीच लावा. बुडबुड अचानक थांबली, तर वर जाड टॉवेल टाकून, तोंड बाजूला ठेवून आधी बूच सैल करा.